अकराव्या वर्षी लग्न, बाविसाव्या वर्षी तुरुंगाची तयारी : डॉ. रखमाबाईंच्या नकाराची गोष्ट

शिनोली (ता. आंबेगाव) : लग्नसराई जवळ आली की शिनोली, घोडेगाव, डिंभे पट्ट्यात मांडववाले, बँडवाले, आचारी यांच्या तारखा भरून जातात. बस्त्याच्या याद्या निघतात. लग्न लागल्यावर नोंदणीसाठी ग्रामसेवकाकडे जाताना दोघांचेही वयाचे दाखले बरोबर न्यावे लागतात. मुलीला 18 पूर्ण, मुलाला 21 पूर्ण, एवढे बघितले की पुढचे काम सुरू. हे दोन आकडे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. पण दीडशे वर्षांपूर्वी आपल्या रीतीने लागणाऱ्या लग्नाला असा कोणताही आकडा नव्हता. पाळण्यातले लग्नसुद्धा लग्नच. मुलीचा होकार कुणी विचारायचे नाही. बापाने, आज्याने किंवा मामाने शब्द दिला, की तोच तिचा होकार धरला जायचा.

हा परस्पर धरलेला होकार एका मुलीने मुंबईच्या हायकोर्टात नाकारला. तिचे नाव रखमाबाई. 22 नोव्हेंबर 2017 रोजी ज्यांनी मोबाईलवर गुगल उघडले असेल, त्यांना साडीतल्या आणि गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या एका बाईचे चित्र दिसले असेल. त्या याच. त्या दिवशी त्यांच्या जन्माला 153 वर्षे झाली होती. मोठेपणी त्या डॉक्टर झाल्या, पण देशभर नाव झाले ते त्याआधीच, आणि झाले ते कोर्टातल्या भांडणामुळे.

आई सतराव्या वर्षी विधवा

रखमाबाईंचा जन्म 22 नोव्हेंबर 1864 चा, मुंबईतला. घराणे सुतार समाजातले, बऱ्यापैकी पैसा असलेले. वडील जनार्दन पांडुरंग. आई जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी रखमा झाली आणि सतराव्या वर्षी नवरा वारला. आजच्या हिशेबाने अकरावी-बारावीतली पोर, कडेवर दोन-अडीच वर्षांची मुलगी आणि कपाळ मोकळे.

त्या समाजात विधवेने पुन्हा लग्न करायला मोकळीक होती. म्हणून पुढे सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरे लग्न केले. डॉ. सखाराम अर्जुन म्हणजे त्या काळच्या मुंबईतले नामांकित डॉक्टर. वनस्पतींचे अभ्यासक, वैद्यकीचे विषय मराठीत लिहिणारे, 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. रखमाबाईंना पुढे लोक राऊत म्हणू लागले ते त्यांच्याच आडनावावरून.

दुसरे लग्न करताना जयंतीबाईंनी एक गोष्ट केली, ती या कहाणीत फार महत्त्वाची आहे. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्याप्रमाणे पुन्हा लग्न करणाऱ्या बाईचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क जात असे. जयंतीबाईंनी ती मिळकत मुलीच्या नावावर करून टाकली. म्हणजे आठ-नऊ वर्षांची रखमा इस्टेटीची मालकीण झाली. खेड्यात असो की मुंबईत, मिळकतीची मालकीण असलेली एकुलती एक मुलगी म्हटली की सोयरीक यायला वेळ लागत नाही.

शब्द आज्याने दिला

रखमाबाई अकरा वर्षांच्या झाल्या तेव्हा आईच्या वडिलांनी लग्नाचा आग्रह धरला. स्थळ घरातलेच, डॉ. सखाराम अर्जुन यांच्या नात्यातले. मुलाचे नाव दादाजी भिकाजी, वय एकोणीस-वीस. घरची गरिबी. बोलणी अशी झाली की दादाजीने घरजावई म्हणून राहावे, डॉक्टरांनी त्याचा खर्च करावा आणि त्याने शिकून माणसात यावे. 1876 च्या सुमाराला लग्न लागले. रखमाला कुणी काही विचारले नाही. त्या काळी ते कुणाला वावगेही वाटले नसते.

वडीलधाऱ्यांच्या शब्दापुढे तेव्हा मोठमोठ्यांचेही चालत नसे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली बायको 1873 मध्ये वारली तेव्हा त्यांनी विधवेशीच लग्न करावे अशी लोकांची अपेक्षा होती. पण वडिलांनी अकरा वर्षांची मुलगी बघून ठेवली होती. शिकलेल्या, कमावत्या, तिशी ओलांडलेल्या न्यायाधीशाला बापाचा शब्द मोडता आला नाही, तिथे अकरा वर्षांच्या पोरीची काय कथा! त्याच मुलीला रानड्यांनी पुढे शिकवले आणि त्या रमाबाई रानडे म्हणून मोठ्या झाल्या, ही गोष्ट वेगळी. पण नशिबाने चांगले निघणे आणि विचारून होणे यात फरक असतो.

लग्नानंतर काही महिन्यांत रखमाबाई वयात आल्या. रीतीप्रमाणे आता गर्भाधान करायचे, म्हणजे मुलीने नवऱ्याबरोबर राहायला लागायचे. इथे डॉ. सखाराम अर्जुन आडवे आले. कोवळ्या वयातल्या बाळंतपणात काय होते हे त्यांनी डॉक्टर म्हणून पाहिलेले होते. त्यांनी साफ नकार दिला. पोरगी घरीच राहिली.

दादाजीला शिक्षण काही मानवले नाही. आई वारल्यावर तो मामाकडे राहायला गेला. प्रकृतीही बरी नसायची. पुढे कर्ज झाले आणि बायकोच्या मिळकतीवर त्याचा डोळा होता, असे रखमाबाईंच्या बाजूचे म्हणणे. इकडे रखमाबाईंची शाळा लग्नामुळे सुटली होती, पण पुस्तके सुटली नाहीत. फ्री चर्च मिशनच्या लायब्ररीतून पुस्तके आणून त्या घरी वाचत. इंग्रजी त्यांनी असेच जमवले. प्रार्थना समाज आणि आर्य महिला समाजाच्या बैठकांना त्या जाऊ लागल्या. आठ वर्षे गेली. लग्न होते ते फक्त नावाला.

नांदायला येण्याची नोटीस

1884 च्या मार्चमध्ये दादाजीच्या वकिलाची नोटीस आली. बायकोला नांदायला पाठवा, नाहीतर दावा लावू. रखमाबाई तेव्हा 19 वर्षांच्या होत्या. त्यांनी जायला नकार दिला आणि दावा हायकोर्टात दाखल झाला.

असली नोटीस आजही खेड्यापाड्यांत येते, त्यामुळे हा कायदा काय आहे ते समजून घेतलेले बरे. नवरा किंवा बायको कारण नसताना वेगळे राहिले तर दुसऱ्याने कोर्टाकडे जाऊन त्यांना परत एकत्र राहण्याचा हुकूम मागायचा. हा कायदा ना आपल्या शास्त्रातला, ना जातपंचायतीच्या रिवाजातला. तो इंग्लंडातल्या चर्चच्या कोर्टांमधून इंग्रजांनी इकडे आणलेला. हुकूम पाळला नाही तर मिळकत जप्त किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, अशी तरतूद तेव्हाच्या दिवाणी कायद्यात होती. गंमत अशी की खुद्द इंग्लंडने या कारणासाठी तुरुंगात टाकणे 1884 मध्ये बंद केले. ज्या वर्षी रखमाबाईंना नोटीस आली त्याच वर्षी. इकडे मात्र तो नियम तसाच राहिला, आणि पुढे धर्म बुडाला म्हणून ओरडणारे लोक खरे तर एका इंग्रजी कायद्याची राखण करत होते.

दावा सुरू असतानाच, एप्रिल 1885 मध्ये डॉ. सखाराम अर्जुन वारले. ज्या माणसाने आतापर्यंत पुढे उभे राहून तिला सांभाळले, तोच गेला. घरात आई आणि मुलगी उरल्या. तरी रखमाबाई मागे हटल्या नाहीत. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या नावाने दोन पत्रे छापून आली, एक जूनमध्ये आणि एक सप्टेंबरमध्ये. बालविवाहाने मुलीचे शिक्षण कसे तुटते, सासरी तिचे काय होते, विधवेला कसे वागवतात, हे त्यात सरळ मांडले होते. लिहिणारी कोण हे तेव्हा लोकांना माहीत नव्हते. ती रखमाबाईच होती.

रखमाबाईंच्या बाजूच्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे मराठी विद्वान वकील होते. कोर्टापुढे त्यांचे म्हणणे तीन-चार गोष्टींचे होते. लग्न झाले तेव्हा तिला काही कळण्याचे वय नव्हते, त्यामुळे या लग्नाला तिची संमती नाही. नवऱ्याला संसार चालवण्याइतके उत्पन्न नाही. त्याची प्रकृती ठीक नाही. आणि तो ज्या मामाच्या आश्रयाला राहतो त्याची वर्तणूक अशी नाही की तिथे बाईने जाऊन राहावे.

यातला पहिला मुद्दा नवा होता. बाकीचे मुद्दे कोणत्याही भांडणात निघतात. पण आपले लग्न आपल्याला विचारून झाले नाही म्हणून आपण त्याला बांधील नाही, असे एका बायकोने म्हणणे हे ऐकायची ना कोर्टाला सवय होती, ना समाजाला.

पहिला निकाल बाजूने, दुसरा उलटा

21 सप्टेंबर 1885 रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दादाजीचा दावा फेटाळला. त्यांनी संमतीच्या मुद्द्यावर निकाल दिला नाही. त्यांचा मुद्दा वेगळा होता. हे दोघे कधी एकत्र राहिलेच नाहीत, मग परत एकत्र आणायचे काय? मोठ्या झालेल्या बाईला, तिला नको असलेल्या माणसाकडे कोर्टाने ढकलावे असा आधार त्यांना ना हिंदू कायद्यात सापडला ना इंग्रजी कायद्यात.

निकालाने एकच गदारोळ झाला. पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे दोन तटांत वाटली गेली. टिळकांच्या वळणाची मंडळी दादाजीच्या बाजूने उभी राहिली. परक्या सरकारच्या कोर्टाने आमच्या लग्नात हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे. आगरकर दुसऱ्या बाजूला. केसरीत या दोघांचे असे वाद वाढतच गेले आणि आगरकरांनी शेवटी केसरी सोडून 1888 मध्ये सुधारक काढले. टिळकांबद्दल एक सांगायला हवे. बालविवाह चांगला असे ते म्हणत नव्हते. पुढे 1890 मध्ये त्यांनी स्वतःच सुचवले की सुधारणेच्या बाजूच्या लोकांनी मुलीचे लग्न 16 च्या आत आणि मुलाचे 20 च्या आत करणार नाही अशी लेखी हमी द्यावी. त्यांचा विरोध कायद्याला होता. लोकांनी आपणहून सुधारावे, हा त्यांचा आग्रह. आता लोक आपणहून किती सुधारले असते, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

याच वर्षांत आपल्या भागातही लग्नावरून एक खटला चालू होता. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटील यांनी सत्यशोधक पद्धतीने, भटजी न बोलावता घरचे लग्न लावले. ग्रामजोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा लावला आणि हे भांडण ओतूरहून थेट मुंबई हायकोर्टापर्यंत गेले. म्हणजे लग्न कुणाच्या मर्जीने लागायचे हा प्रश्न तेव्हा फक्त मुंबईतल्या शिकलेल्या लोकांचा नव्हता. कुकडी-मांडवीच्या काठीही तो निघाला होता.

दादाजीने अपील केले. 1886 च्या मार्चमध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला. लग्न लागले म्हणजे लागले, एकत्र राहिले नसले तरी नवऱ्याचा दावा चालतो, असे ठरवून खटला पुन्हा चौकशीला पाठवला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एक दुःखद योगायोग घडला. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या. वय अवघे 21. त्यांचेही लग्न नवव्या वर्षी झालेले आणि चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेलेले. सारा महाराष्ट्र त्यांच्यासाठी हळहळत असताना, आठवड्याच्या आत, 4 मार्च 1887 रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंविरुद्ध हुकूम काढला. महिन्याच्या आत नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात.

रखमाबाईंनी कळवले की त्या तुरुंगात जातील, नवऱ्याकडे जाणार नाहीत.

आज कुणी सरकारविरुद्ध आंदोलन करून आत गेले तर बाहेर हार घालणारे उभे असतात. तेव्हा घरंदाज बाईने तुरुंगात जाणे म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे आणणे अवघड आहे. आई विधवा, सावत्र बाप नाही, जातीत चर्चा, वर्तमानपत्रांत रोज नाव. त्यातच शिकलेली मुलगी अशीच बिघडते, असे बोलायला लोकांना आयते उदाहरण. खटल्यामुळे मुलींच्या शिक्षणालाच विरोध करणाऱ्यांचे फावले. हे सगळे कळत असून त्यांनी तुरुंग पत्करला, कारण एकदा त्या घरात पाऊल टाकले की होकार दिल्यासारखेच होणार होते.

राणीने लग्न मोडले हे खरे नाही

बातमी इंग्लंडपर्यंत गेली. लंडनच्या टाइम्समध्ये एप्रिल 1887 मध्ये रखमाबाईंचे पत्र छापून आले. मुंबईत त्यांच्या बचावासाठी समिती झाली, वर्गणी जमली. तेव्हा अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर लिहिलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या प्रकरणाची हकीकत दिली.

व्हिक्टोरिया राणीने हुकूम काढून हे लग्न मोडले अशी गोष्ट अजून सांगितली जाते. ऐकायला बरी वाटते, पण घडले ते साधे होते. जुलै 1888 मध्ये तडजोड झाली. दादाजीने 2000 रुपये घेतले आणि हुकूम बजावून घ्यायचा नाही असे मान्य केले. त्याने दुसरे लग्न केले. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत, पण कायद्याने त्या दादाजीच्या बायको राहिल्याच. पुरुषाला दुसरी बायको करायला तेव्हा अडचण नव्हती. बाईला सुटायला वाट नव्हती. रखमाबाईंनी पुन्हा लग्न केले नाही. 1904 मध्ये दादाजी वारले तेव्हा त्या पांढरे लुगडे नेसू लागल्या, असे सांगतात. ज्या माणसाबरोबर एक दिवस संसार केला नाही त्याच्यासाठी का, याचा उलगडा ज्यांनी त्यांच्याबद्दल लिहिले त्यांनाही नीट झालेला नाही.

1889 मध्ये त्या डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यात पुष्कळ मदत केली. लंडनच्या मुलींसाठीच्या वैद्यकीय शाळेत त्या शिकल्या आणि 1894 मध्ये डॉक्टर झाल्या.

दहाचे बारा, बाराचे चौदा

त्या लंडनमध्ये शिकत असताना इकडे पहिला आकडा बदलला. 1860 च्या दंडसंहितेत मुलगी 10 वर्षांच्या आत असेल तर नवऱ्यानेही तिच्याशी संबंध ठेवणे गुन्हा होता. दहाच्या वर काही नाही. 1890 मध्ये कलकत्त्याला फुलमणी नावाची साधारण अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. नवरा पस्तिशीचा. मुलगी दहाच्या वरची असल्यामुळे बलात्काराचे कलम लागले नाही आणि त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. रखमाबाईंच्या खटल्याने वातावरण आधीच तापलेले होते. बेहरामजी मलबारी 1884 पासून बालविवाहाविरुद्ध लिहीत होते. फुलमणीच्या मरणानंतर सरकारला थांबता आले नाही आणि 19 मार्च 1891 रोजी संमतिवयाचा कायदा झाला. दहाचे बारा झाले.

म्हणजे बघा, या कायद्याने लग्नाचे वय ठरवले नाही. लग्न कितीही लहानपणी लावा, फक्त बाराच्या आत मुलीला नवऱ्याच्या स्वाधीन करू नका, एवढेच. तेवढ्यावरही पुण्यात, कलकत्त्यात मोठमोठ्या निषेध सभा झाल्या. अकरा वर्षांच्या रखमाला डॉ. सखाराम अर्जुन यांनी घरी ठेवून घेतले ते कायद्याच्या आधाराशिवाय. पंधरा वर्षांनी त्याला कायदा मिळाला.

लग्नाच्या वयाचा आकडा त्याआधी 1872 च्या नोंदणी विवाहाच्या कायद्यात होता. मुलगी 14, मुलगा 18, आणि 21 च्या आतल्यांना बापाची किंवा पालकाची संमती जरुरीची. पण त्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू, मुसलमान वगैरे कोणत्याच धर्माचे नाही असे जाहीर करावे लागे. त्यामुळे तो मूठभर लोकांपुरता राहिला.

सगळ्यांसाठी आकडा आला तो 1929 मध्ये. हरबिलास सारडा यांनी मांडलेल्या कायद्याने मुलीचे वय 14 आणि मुलाचे 18 ठरले. त्याच सुमाराला संमतिवयाच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी समितीचे अध्यक्ष मराठी होते, अमरावतीचे मोरोपंत जोशी. कायदा सप्टेंबर 1929 मध्ये पास झाला आणि 1 एप्रिल 1930 पासून लागू व्हायचा होता. मधल्या सहा महिन्यांत देशभर लहान पोरांची लग्ने उरकून घ्यायची झुंबड उडाली. उद्यापासून बंद म्हटले की आजच उरकून घेऊ, ही आपली सवय जुनीच आहे.

सुरत, राजकोट आणि परत मुंबई

या सगळ्या काळात रखमाबाई दवाखान्यात होत्या. परत आल्यावर थोडे दिवस मुंबईत आणि मग सुरतेला बायकांच्या हॉस्पिटलची जबाबदारी. तिथे वीस वर्षांहून जास्त. प्लेगच्या साथीत त्या कामावर होत्या. त्या काळी पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायलाही बाई तयार नसायची, त्यामुळे अडलेल्या बाळंतिणीला बाई डॉक्टर मिळणे म्हणजे जीव वाचणे. त्यानंतर राजकोटला बायकांच्या सरकारी हॉस्पिटलात 1930 च्या सुमारापर्यंत. साधारण पस्तीस वर्षांची डॉक्टरकी. ज्या कोवळ्या बाळंतिणींचे हाल सावत्र बापाने पाहिले होते, त्या त्यांच्यापुढे रोज येत राहिल्या असणार. पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून त्यांनी 1929 मध्ये एक पुस्तिकाही लिहिली.

नांदायला न गेल्याबद्दल तुरुंगाची शिक्षा 1923 मध्ये दिवाणी कायद्यातून काढली गेली. रखमाबाईंच्या हुकुमानंतर 36 वर्षांनी. दावा मात्र राहिला. आज तो हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये आहे आणि हुकूम मोडला तर मिळकत जप्त होऊ शकते. सुप्रीम कोर्टाने 1984 मध्ये हे कलम वैध ठरवले. त्याला पुन्हा दिलेले आव्हान 2019 पासून तिथे आहे.

देश स्वतंत्र झाल्यावर 1949 मध्ये मुलीचे वय 15 झाले. 18 मे 1955 रोजी हिंदू विवाह कायदा लागू झाला. त्यात घटस्फोटाची वाट आली आणि दुसरी बायको करणे बंद झाले. पण मुलगी 18 च्या आतली असेल तर तिच्या लग्नाला पालकाची संमती हवी, असेही त्यात होते. ती संमती कुणी द्यायची याची यादीच कायद्यात दिली होती. आधी बाप, मग आई, मग बापाचे वडील, मग बापाची आई, मग भाऊ, अशी ती पुढे चुलते-मामांपर्यंत जात होती. चार महिन्यांनी, 25 सप्टेंबर 1955 रोजी, रखमाबाई मुंबईत वारल्या. वय नव्वद.

1978 मध्ये मुलीचे वय 18 आणि मुलाचे 21 झाले, तेव्हा पालकांच्या संमतीची ती यादी कायद्यातून गेली. मुलगी सज्ञान झाल्याशिवाय लग्नच नाही म्हटल्यावर तिच्या वतीने होकार द्यायला कुणाची गरज उरली नाही. हे अजून पुष्कळ घरांत माहीत नसते. दोन्हीकडचे वडीलधारे राजी आहेत म्हणून 16-17 व्या वर्षी लावलेले लग्न चालते, असा समज आहे. चालत नाही. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतले तरी चालत नाही. उलट तसे लग्न जुळवणारे, लावणारे, त्याला हजर राहणारे सगळेच 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली येतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. हा कायदा 1 नोव्हेंबर 2007 पासून लागू आहे. महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि अंगणवाडी सेविका त्याला मदत करते. 1098 हा मुलांसाठीचा फोन नंबर फुकट आहे. दुसऱ्या बाजूने, 18 पूर्ण झालेली मुलगी आणि 21 पूर्ण झालेला मुलगा यांना लग्नासाठी आई-वडिलांची सही कायद्याने लागत नाही. मुलीचेही वय 21 करावे असे विधेयक डिसेंबर 2021 मध्ये लोकसभेत आले होते. 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपली तेव्हा ते बारगळले.

याच 2006 च्या कायद्यात आणखी एक कलम आहे. लहानपणी लावलेले लग्न ज्या मुलीला नको असेल, ती कोर्टात अर्ज करून ते रद्द करून घेऊ शकते. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत, म्हणजे तिला 20 पूर्ण होईपर्यंत, हा अर्ज करता येतो. दादाजीच्या वकिलाची नोटीस आली तेव्हा रखमाबाईंना विसावे वर्ष चालू होते.